पाठीवरच्या टाकीसाठी दिल्ली

आम्ही दिल्लीला निघालो तेव्हा माझे यजमान पालथे झोपलेले होते. काही आठवडे ते तसेच झोपत होते. निरोप द्यायला त्यांनी मान वळवली, उशीतून एक डोळा दिसला आणि ते म्हणाले, "घाईत हो म्हणू नका." हे वाक्य माझ्यासाठी नव्हते, माझ्या मागे बॅग घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या धाकट्या भावासाठी होते. सुधाकरभावजींनी ते ऐकले नाही. नवा सफारी घातला की त्यांना जरा कमी ऐकू येते.

आमचा सांगलीला फवारणीचे पंप करण्याचा छोटा कारखाना आहे. द्राक्षबागेत माणूस पाठीवर टाकी बांधतो, एका हाताने दांडा हलवतो आणि दुसऱ्या हाताने नळी धरून औषध मारतो, तो हा पंप. सासऱ्यांच्या वेळेपासून टाकी पितळेची. पण पितळ महागले, माणसांच्या पाठी नाजूक झाल्या असे दुकानदार सांगू लागले (पाठी पूर्वीही तेवढ्याच दुखत, विचारत कोणी नव्हते), आणि बाजार उघडल्यापासून ज्याला त्याला प्लास्टिक हवे झाले. म्हणून आम्ही मुंबईकडच्या एका कारखान्यातून प्लास्टिकच्या थोड्या टाक्या करून आणल्या. दोन अर्धी कवचे साच्यात ओतायची आणि कडा वितळवून एकमेकींना चिकटवायच्या, अशी त्यांची पद्धत. करंजीसारखी.

आमच्याकडे एक रीत आहे. नवा नमुना विकण्याआधी घरातल्या कुणीतरी तो आपल्या बागेत स्वतःच्या पाठीवर वागवायचा. यजमानांनी टाकी पाण्याने भरून अंगणात फिरून बघितली, ठीक होती. बागेत वापरायला लागले, ठीक होती. मग उन्हाने आणि औषधाने जोड हळूहळू सुटला आणि एका दुपारी करंजी पाठीवर उघडली. औषधाने पाठ भाजली आणि ते सदऱ्यातून अंगात गेले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर. दवाखान्यात पोचवायला उशीर झाला नाही म्हणून हे प्रवासवर्णन मी लिहिते आहे. उशीर झाला असता तर दुसरे काहीतरी लिहावे लागले असते.

शुद्धीवर आल्यावर यजमानांचे पहिले म्हणणे असे की टाकी बदलली पाहिजे. दुसरे असे की बदललेली टाकी पहिल्यांदा तेच घालणार. वाद घालून उपयोग नव्हता. मला एवढेच कळत होते की दिल्लीहून मी जी टाकी निवडून आणीन, ती यांच्या पाठीवर जाणार आहे.

पहाडगंज

आमदारांची चिठ्ठी घेऊन आम्ही आधी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात गेलो. तिथल्या गृहस्थांनी चिठ्ठी आदराने वाचली आणि तशाच चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर आदराने ठेवली. "कल देखिए," असे म्हणाले. आम्ही पहाडगंजला गेलो. तिथल्या हॉटेलच्या नावात 'डीलक्स' होते. खोलीत कूलर होता, आणि तो इतका आवाज करी की गारवा लागतो आहे की नाही हे ठरवायला शांतता मिळत नसे. जूनची दिल्ली. आमच्याकडे ऊन वरून पडते. इथे ते समोरून चालत येते.

जेवायला गल्लीतल्या गोडबोलेकाकूंकडे. लग्न होऊन दिल्लीत आल्या त्याला जन्म लोटला. घरगुती खाणावळ चालवतात. पंक्तीला परीक्षांचा अभ्यास करणारी आपल्याकडची मुले. आमटीला गोडा मसाला, शेजारी राजमा. दोघांची ओळख झाल्यासारखी वाटत नव्हती, पण भांडणही नव्हते.

"अच्छा, म्हणजे तुम्ही टाकी घ्यायला आलात? छतावरची?"

"पाठीवरची."

"हाय राम! का बरं?"

मी सांगितले. काकू पोळी वाढता वाढता थांबल्या. मग म्हणाल्या, "हे बघा, इथे कुणी 'हो जाएगा' म्हणालं ना, तर ते उत्तर समजू नका. तो नमस्कार असतो. आपणही हसून नमस्कार करायचा, बस."

सुधाकरभावजी म्हणाले, "काकू, आता जमाना बदललाय. नोएडात परदेशी मशिनं आलीत."

"बिल्कुल आलीत," काकू म्हणाल्या. "माणसं इथलीच आहेत."

नोएडा

यमुनेचा पूल ओलांडला की नोएडा. आमच्या गावात पत्ता सांगताना मारुतीचे देऊळ, पिठाची गिरणी, मेलेल्या वकिलांचे घर असे सांगतात. नोएडात आकडे सांगतात. आकड्यांनी घोटाळा होत नाही असा नगररचनाकारांचा समज असावा. आमच्या ड्रायव्हरने एक सेक्टर विचारायला व्हॅन थांबवली, तर म्हशी राखणारा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "इधर तो सब हमारा गाँव ही है जी." त्याच्या मागे काचेची एक इमारत उभी होती, आणि तिच्या शेजारी अजून गव्हाचे धसकट.

आम्ही ज्या प्लास्टिक-कंपनीकडे निघालो होतो, तिची इमारत हीच. दारात कारंजे, कोरडे. आत तीन देशांचे झेंडे, मासे पाळलेली पेटी आणि थंडी. मल्होत्रासाहेब, म्हणजे कंपनीचे मालक, स्वतः दारापर्यंत आले. त्यांनी भावजींचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मला "भाभीजी, बैठिए" म्हणून लांबच्या सोफ्यावर बसवले. आमच्याकडे पाहुण्याला पहिल्यांदा विचारतात, काय काम काढलंत? इथे काम सोडून सगळे विचारतात. प्रवास, हवा, मुले, आंबे. सरबत झाले, समोसे झाले, तीन देशांपैकी दोन देशांची माहिती झाली. मग टाकी आली. काचेच्या टेबलावर, खाली मखमल.

टाकी देखणी होती, यात शंका नाही. गुळगुळीत, हलकी, झाकण घड्याळासारखे फिरणारे. मी उठून जवळ गेले आणि बाजूने बोट फिरवले. मधोमध केसाएवढी एक रेघ लागली.

"ही दोन भागांची आहे," मी म्हणाले.

"अब दिखता भी नहीं, मॅडम!" मल्होत्रा खुशीत म्हणाले. भाभीजीची मॅडम झाले, म्हणजे मी टाकीला हात लावायला नको होता. "मशीन इटलीचं आहे. जोड मूळ प्लास्टिकपेक्षा मजबूत."

मुंबईकडच्यांनीही हेच वाक्य सांगितले होते. त्यांचे मशीन कुठले होते ते आठवत नाही.

मी म्हटले, पाणी भरून कुणाच्या तरी पाठीवर द्या. भावजी माझ्याकडे बघून मान हलवू लागले, नको नको. मल्होत्रांनी सांगितले की हा नमुना प्रदर्शनासाठी आहे. मी म्हटले, आम्हीही लांबून प्रदर्शनालाच आलो आहोत. शेवटी विवेक नावाच्या, टाय लावलेल्या एका विक्री अधिकाऱ्याला बोलावले. त्याने टाकी पाठीवर घेतली आणि गालिच्यावरून संचलनासारखे ताठ चालून दाखवले. पाण्याचा थेंब नाही. मल्होत्रांनी टाळी वाजवली.

"आता वाका," मी म्हणाले.

"जी?"

"वाका. आमच्याकडे द्राक्षाचा वेल मंडपावर चढवतात. मंडप छातीच्या जरा वर. त्याच्याखाली उभा राहून कुणी औषध मारत नाही. वाकूनच मारतो, दिवसभर."

विवेक वाकला. टाय लोंबू लागला, त्याच्याबरोबर माझा जीवही. झाकणातून काही आले नाही, जोडातूनही नाही. भावजी विजयाने माझ्याकडे बघू लागले. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही वाटले, घेऊन टाकावी आणि घरी जावे.

"हिच्यात औषध भरून महिना-दोन महिने उन्हात ठेवली आहे का?" मी विचारले.

"मॅडम, मशीन इटलीचं आहे."

"मशीन पाठीवर घ्यायचं नाहीये."

याला उत्तर येण्याआधी वीज गेली. काचेच्या त्या इमारतीला उघडणारी खिडकी नव्हती. मासे तेवढे निवांत होते. जनरेटर लागेपर्यंत आम्ही सगळे एकमेकांच्या घामाकडे सौजन्याने बघत बसलो. मग मल्होत्रांनी भावजींना काचेपाशी नेऊन सांगितले: एक टेलिव्हिजनवाले त्यांच्या कवचांसाठी मशीन मागत आहेत, सोमवारी दुपारपर्यंत आपले हो आले नाही तर मशीन त्यांना जाईल, मग दिवाळीपर्यंत काही होणार नाही. दिवाळी म्हणजे छाटणी होऊन फवारणीचा भर. भावजींनी हात पुढे केला. मल्होत्रांनी तो धरला. काजूकतलीचा डबा आमच्या हातात आला.

व्हॅनमध्ये मी विचारले, "शब्द दिलात?"

"वहिनी, हंगाम हातचा जाईल. सगळे प्लास्टिककडे गेले, आपण पितळ घासत बसणार का? आणि गळली का? सांगा ना, गळली का?"

"यांचीही पहिल्या दिवशी गळली नव्हती."

यमुनेचा पूल संपेपर्यंत भावजी काजूकतली खात राहिले. पूल लांब आहे.

फरीदाबाद

सोमवार यायला अवकाश होता, म्हणून मी दुसराही कारखाना बघायचा हट्ट धरला. फरीदाबादला सरीन नावाचे एक गृहस्थ छतावरच्या पाण्याच्या टाक्या बनवतात. त्यांच्याकडे झेंडे नव्हते. पत्र्याची शेड, मागे घर, अंगणात कडुनिंब, आणि शेडमध्ये एक भट्टी. बाहेर जून आणि आत भट्टी. दोन्हींत फरक करणे अवघड होते.

सरीनांचा चेहरा नुकतेच कुणीतरी गेल्यासारखा होता, आणि पुढेही तो तसाच राहिला. बसायला खाटा, प्यायला माठातले पाणी, मग बेलाचे सरबत. आणि पहिलेच वाक्य: "पहले खराबी सुन लीजिए."

भावजी चपापले. खराबीपासून सुरुवात करणारा विक्रेता त्यांनी कधी पाहिला नव्हता.

सरीनांची पद्धत वेगळी. पत्र्याचा पोकळ साचा, आत प्लास्टिकची पूड. साचा बंद करून भट्टीत टाकायचा आणि आडवा-उभा, दोन्हीकडे सावकाश फिरवत ठेवायचा. पूड वितळते आणि आतल्या भिंतींना सगळीकडे लागते, जसे तापलेले भांडे फिरवून आपण तूप लावतो. गार झाले की साचा उघडायचा. टाकी अखंड निघते. जोड नाहीच, म्हणून सुटायचा प्रश्न नाही.

"खराबी काय?" मी विचारले.

"वजन थोडं जास्त. काम हळू. चमक नाही. आणि मुँह." त्यांनी सुस्कारा सोडला. "तोंडाचे आटे, झाकण फिरतं ते, साफ येत नाहीत. छतावर कोण वाकतं? चालून जातं. तुमच्याकडे पता नहीं."

एका गिऱ्हाइकाने पाठीवरच्या टाकीचा साचा करवून घेतला होता आणि माल न घेताच ते नाहीसे झाले होते. त्या साच्यातली एक टाकी कोपऱ्यात धूळ खात होती. भावजींना विचारण्यात अर्थ नव्हता; सफारीवर ते टाकी घेणार नाहीत हे मला माहीत होते. मी पदर खोचला, टाकी भरायला लावली, झाकण घट्ट फिरवले आणि पट्टे खांद्यावर घेतले. पितळेपेक्षा पुष्कळ हलकी. दोन पावले चालले. मग वाकले.

पाणी झाकणातून सरळ मानेवर आले आणि पोलक्यात उतरले. माठातलेच गार पाणी. तरीही माझ्या हातांनी पट्टे सुटेनात. भावजी धावत आले, टाकी उतरवली. यजमानांना बागेतून उचलून आणले ते त्यांनीच. त्यांच्याही डोळ्यांसमोर तेच आले असणार.

सरीन म्हणाले, "मैंने कहा था, मुँह."

मी खाटेवर बसून पदर पिळत होते. भावजी टाकी मांडीवर घेऊन बसले आणि तोंडाच्या आतून अंगठा फिरवू लागले. तोच अंगठा, तीच तंद्री मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या कारखान्यात लेथच्या यंत्रावर पाहिली होती. सफारी नंतर आला.

"वहिनी," ते सावकाश म्हणाले, "इथे पितळी कडं बसवलं तर?"

"म्हणजे?"

"तोंडापुरतं पितळ. आटे आपले, आपल्या लेथवर पाडलेले. कडं आधी साच्यात बसवायचं, मग पूड. प्लास्टिक त्याच्याभोवती वितळेल आणि गार होताना आवळेल."

सरीनांनी पहिल्यांदा डोके वर केले. नळ जोडायला छोटे पितळी तुकडे ते असेच बसवत, पण अख्खे तोंड कधी नाही. "प्लास्टिक धातूला चिकटत नाही, जी. कड्याच्या बाजूने गळेल."

"बाहेरून खाचा पाडल्या तर? खोल. प्लास्टिक खाचांत शिरेल."

"शिरेल."

"मग गळेल का?"

सरीनांनी बोटाच्या पेरावर खाचेची खोली मोजून पाहिली. "पता नहीं," ते म्हणाले.

दिल्लीत आल्यापासून 'पता नहीं' म्हणणारा मला भेटलेला हा पहिला कारखानदार. मला त्यांचा हात दोन्ही हातांत घ्यावासा वाटला, पण तिकडे तशी पद्धत नसावी.

फरीदाबादेत लेथला तोटा नाही. पुढचे दिवस भावजींनी एका शेजारच्या शेडमध्ये काढले. सफारीचा कोट खुंटीला, बनियनवर काळे डाग, आणि तिथल्या सरदारजी मालकाशी खाचा किती खोल यावर वाद. एक कडे बिघडले, दुसरे उतरले. मी सरीनबाईंबरोबर स्वयंपाकघरात बसे. त्या भेंडी उभी चिरत, मी आडवी. "ऐसे तो चिपकेगी," त्या म्हणत, आणि माझी खरोखरच चिकटली.

रविवारी घरी फोन लावला. यजमान म्हणाले, "काय पाठवताय? मी आता बसू शकतो. आली की घालतोच."

"अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

"सुधाकर कुठाय?"

"लेथवर."

"लेथवर?" त्यांनी पुन्हा विचारले.

सोमवारी सकाळी कडे साच्यात बसवून साचा भट्टीत गेला. टाकी भट्टीत फिरणार, मग सावकाश गार होणार. घाईने गार केली तर वाकडी होते. दुपार त्याच्या आधीच होणार होती. मल्होत्रांना उत्तर द्यायचे होते ते टाकी न बघताच.

"थोडं थांबायला सांगू का त्यांना?" भावजी म्हणाले. "ही गळली तर? दोन्हीकडून जाऊ आपण."

"जाऊ. हा हंगाम पितळेवर काढू. ही नाही गळली तरी यंदा विकायची नाही. पाच-सहा टाक्या औषध भरून गच्चीवर उन्हात ठेवायच्या. माणसाच्या पाठीवर नाही, गच्चीवर. हे तुमच्या दादांना तुम्ही सांगायचं."

"मी?"

"माझं ते ऐकत नाहीत. आणि नोएडाला शब्द तुम्ही दिलात, परतही तुम्हीच घ्या."

सरीनांच्या टेबलावरून त्यांनी फोन फिरवला. उभे राहून बोलले. मला एकच बाजू ऐकू येत होती. "नाही साहेब... किमतीचं नाही... जोड नको आम्हाला... जी... माझ्या भावाच्या पाठीवर उघडला होता." मग बरेच "जी, जी." फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. शब्द परत घेणे त्यांना जमत नाही, हे मला माहीत आहे. पण घेतला.

साचा उघडला. टाकी निघाली, राखाडी, बिनचमकीची, आणि तोंडाशी पितळेचे पिवळे कडे. भावजींनी पाणी भरले, सांगलीहून आणलेला दांडा जोडला आणि झाकण फिरवले. ते जसे बसायला हवे तसे बसले. त्यांनी अंगणात कडुनिंबापासून खांबापर्यंत दोरी बांधली, आमच्या मंडपाच्या उंचीवर. आणि टाकी स्वतःच घ्यायला निघाले.

"द्या इकडे," मी म्हणाले.

"वहिनी, त्या दिवशी तुमचे हात..."

"म्हणूनच द्या."

मी दोरीखाली वाकून चालू लागले. एका हाताने दांडा मारत, कडुनिंबापर्यंत आणि परत. पुन्हा. पाठ भिजली होती. आता प्रश्न असा की कशाने? फरीदाबादचा जून, शेजारी भट्टी. घामाने मी डोक्यापासून टाचेपर्यंत निथळत होते. गळते आहे की नाही, हे ज्याच्या पाठीवर टाकी आहे त्यालाच कळेना. भावजी म्हणाले ओलं दिसतंय. सरीन म्हणाले पसीना है. भावजी म्हणाले पसीना एवढा? दोघे चार हातांवरून, माझ्या पाठीकडे थेट न बघता, पाठीबद्दल बोलत होते.

शेवटी सरीन आत गेले, प्लास्टिकला रंग द्यायची निळी पूड आणली आणि टाकीच्या पाण्यात कालवली. पाणी शाईसारखे झाले. मी पांढऱ्या टॉवेलने मान-पाठ पुसली आणि पुन्हा दोरीखाली गेले. वाकून, दांडा मारत, मुद्दाम हिसके देत. कड्यातून काही आले तर ते पाठीवर निळे उमटणार होते. पण बघणार कोण? सरीन आणि भावजी आधीच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते, दोन शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यांसारखे. सरीनबाई कणकेचे हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी माझा पदर बाजूला केला.

मी वाकलेलीच. समोर फक्त जमीन दिसत होती आणि कडुनिंबाच्या सुकलेल्या निंबोळ्या.

"सूखा तो नहीं है," त्या म्हणाल्या.

भिंतीकडून भावजींचा श्वास ऐकू आला.

"पर नीला भी नहीं है."

मी सरळ उभी राहिले नाही. "कड्याच्या खाली बघा," मी म्हटले. "बोट लावून बघा. सगळीकडे."

त्यांनी टाकी आणि पाठ यांच्या फटीतून मानेपासून कमरेपर्यंत तळहात फिरवला, चांगला दाबून, आणि मग तो हात खाली आणून माझ्या डोळ्यांसमोर धरला. हात घामाने चकाकत होता. नखांत थोडी कणीक होती. दुसरा कुठलाही रंग नव्हता.